डोकं, अंग, ताप, सर्दी

बाईंचं डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं, ताप होता आणि नाक तर थांबायचं नाव घेत नव्हतं. शाळेत रजा टाकली होती खरी, पण घरातून रजा कुणाकडे मागायची? त्यांना फक्त झोप हवी होती. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

औषधांची मात्र घरात ददात नव्हती. नवरा कारखान्यात स्टोअरकीपर. तिथे नटबोल्ट जसे खणांत, तशा इथे गोळ्या बरण्यांत. "नावं कोण लक्षात ठेवणार? दुखतंय काय ते महत्त्वाचं," असं म्हणत तो प्रत्येक गोळी पाकिटातून सोडवून बरणीत टाकायचा आणि वर चिठ्ठी डकवायचा : डोकं, अंग, ताप, सर्दी. बाईंनी चारही बरण्यांतली एकेक गोळी घेतली आणि त्या आडव्या झाल्या.

"झोपलीस का गं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"नाही, आई."

"मग झोप की! आणि माझा चष्मा कुठेय?"

चष्मा सापडेपर्यंत नवरा जेवायला आला. बायकोने चारही बरण्या वापरल्या हे ऐकून त्याला कोण आनंद झाला! तो नेहमी गोळ्या घ्यायचा त्या खालच्या औषधाच्या दुकानात जाऊन त्याने ही व्यवस्था फुशारकीने सांगितली. दुकानदाराचा चेहराच उतरला.

"अहो साहेब, चारहींत औषध एकच आहे! कंपन्या तेवढ्या वेगळ्या. सर्दीच्या गोळीत वर झोप आणणारं आणखी एक. जास्त झालं तर लिव्हरवर येतं. वहिनींना आधी डॉक्टरांकडे न्या!"

बाईंचा नुकताच डोळा लागत होता.

"अगं ऊठ! झोपू नकोस!" नवऱ्याने तोंडावर पाणी मारलं. सासूबाईंनी हातपाय गाळले. नणंद फोनवरून ओरडायला लागली, "वहिनी, डोळे उघडे ठेव!"

"उघडेच आहेत," बाई म्हणाल्या. "मिटू कुठे देताय मेले!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय काय घेतलंय?"

"एक डोक्याची, एक अंगाची, एक तापाची, एक सर्दीची," नवरा म्हणाला.

"औषधाचं नाव सांगा हो!"

"नाव... बरणीचं चालेल?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि दुकानदाराला फोन करून नावं मिळवली. "रोजची एखादी गोळी? रक्त पातळ करायची वगैरे?"

"छे, ती आईची. 'हृदय' बरणीत असते."

"देवा! त्या गोळीबरोबर ही तापाची गोळी रोज रोज आईंच्या पोटात गेली ना, तर त्यांचं रक्त नको तेवढं पातळ होईल. आज घरी जाऊन सगळ्या बरण्या रिकाम्या करा. यांचं रक्त चार तासांनी तपासू. तोवर आत पडू द्या. नातेवाईक बाहेर."

"सगळे?"

"सगळे. फोनसुद्धा."

आत एक पलंग होता, धुतलेली चादर होती आणि बंद करता येणारं दार होतं. कुणी काही मागत नव्हतं. बाईंना भरून आलं, पण रडण्याइतकाही दम नव्हता. रक्त घेतलं तेव्हाही त्यांना धड जाग आली नाही.

संध्याकाळी नवरा घाईघाईने आत आला. जीव भांड्यात पडला होता त्याचा. "सगळं नॉर्मल आहे गं! डॉक्टर म्हणाले, घरी न्या. चल लवकर, आई विचारतेय रात्री जेवायला काय करायचं."

बाईंनी एक डोळा उघडला. नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे.

"डॉक्टर," त्या काकुळतीने म्हणाल्या, "खात्रीसाठी उद्या सकाळी परत एकदा तपासलंत तर?"