जिगरमधला जंत

"सर, तुम्ही उर्दूतले ना?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारातच विचारलं.

"उर्दूतला नाही, प्राणिशास्त्रातला. शिकवतो उर्दूत."

"तेच ते! शनिवारी आपल्या हॉलमध्ये काव्यसंध्या ठेवलीय. दोन-चार शेर तुमचे."

प्राध्यापकांनी हातातला चहा खाली ठेवला. हे त्यांना नवीन नव्हतं. उर्दूतून शिकवणाऱ्या सरकारी विद्यापीठात नोकरी लागल्यापासून लग्नात, बारशात, दवाखान्यात, जिथे जातील तिथे लोक त्यांच्याकडे शेर मागत आले होते. एकदा दातांच्या डॉक्टरनं दाढ उपटता उपटता मागितला होता. आपल्याकडे भौतिकशास्त्र, हिशेबशास्त्र, सगळं उर्दूतून शिकवतात, असं सांगितलं की लोक कौतुकानं मान हलवत आणि म्हणत, "किती गोड भाषा!"

"अहो, मी किडे, जंत, गोगलगायी शिकवतो. मला शेरातलं ओ की ठो कळत नाही."

"विनय आहे सरांचा," सेक्रेटरी आतून आलेल्या बाईंना म्हणाले.

"येतील ते," बाईंनी परस्पर सांगून टाकलं. सेक्रेटरी गेल्यावर नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं इथे राहतोय, पहिल्यांदा कुणी मानानं बोलवायला आलंय. काहीतरी वाचा. कुणाला कळणार आहे?"

ते शेवटचं वाक्य प्राध्यापकांना झोंबलं. एरवी त्यांनी सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. विभागात मोजकीच मुलं उरली होती आणि विभाग बंद करायचा प्रस्ताव कुलगुरूंच्या टेबलावर जाऊन पडला होता. पुस्तकं नव्हती तेव्हा त्यांनी स्वतः पुस्तकं लिहिली होती, शब्द नव्हते तेव्हा जुन्या हकिमी ग्रंथांतून शब्द शोधून आणले होते. कुणाला कळणार आहे म्हणे! कळवतोच, म्हणाले ते. या भाषेत शास्त्र सांगता येतं, हे निदान आपल्या शेजाऱ्यांना तरी कळू दे. आणि शनिवारी त्यांनी सोमवारच्या तासाचं टिपण खिशात घातलं.

हॉल भरला होता. प्राध्यापकांनी माइकसमोर उभं राहून स्वच्छ शब्दांत सांगितलं, "आजचा विषय आहे मेंढीच्या यकृतातला चपटा जंत." पण नेमका तेव्हाच माइक किंचाळला. सेक्रेटरींनी धावत येऊन वायर हलवली, तेवढ्यात विषय वाहून गेला. प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"वह पानी में आँख खोलता है..."

"वा!" मागून कुणीतरी.

"...और आँख खुलते ही अपने घोंघे की तलाश में निकल पड़ता है. एक दिन में न मिले, तो वहीं दम तोड़ देता है."

पहिल्या रांगेतल्या काकूंनी घोंघ्याचा, म्हणजे गोगलगायीचा, घूंघट ऐकला आणि पदर डोळ्यांना लावला. प्राध्यापक गोंधळले, पण पुढे गेले. जंत गवताला चिकटला, आपल्या यजमान मेंढीच्या पोटात गेला.

"फिर वह मेज़बान के जिगर में उतरता है. वहीं घर बनाता है. मेज़बान घुलता जाता है, और उसे ख़बर तक नहीं होती कि उसे कौन खा रहा है."

"क्या बात है! पुन्हा एकदा!" सगळा हॉल उठून उभा राहिला. सेक्रेटरींनी पुढे येऊन प्राध्यापकांचे हात धरले. "सर, आमच्याच आयुष्यावर लिहिलंत हो तुम्ही."

"अहो, तो जंत आहे."

"जंतच तो! प्रेम म्हणजे दुसरं काय असतं?"

खरी गोष्ट सांगायची तर प्राध्यापकांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. आयुष्यभर त्यांनी हाच पाठ शिकवला होता आणि टाळी कधी पडली नव्हती. घरी येताना बाई त्यांचा हात धरून चालत होत्या. प्राध्यापकांनी खुलासा उद्यावर ढकलला.

उद्यापर्यंत त्यांचा व्हिडिओ गावभर झाला होता. सेक्रेटरींच्या मुलीनं त्याच्यामागे बासरी घातली होती. आठवडाभरात तो मंत्रालयात पोचला आणि कुलगुरूंनी प्राध्यापकांना बोलावून घेतलं.

"साहेब, गैरसमज झालाय," प्राध्यापक बसायच्या आत म्हणाले. "ती कविता नाही."

"मला सांगता?" कुलगुरू हसले. "मी काय उर्दू न येता या खुर्चीत बसलोय? मेंढीचा जंत आहे तो, आणि छान समजावलाय. पण आपलं अनुदान ज्यांच्या हातात आहे, त्या साहेबांनी तो तीनदा ऐकला. बायकोला ऐकवला. मला फोन करून म्हणाले, असं काहीतरी करा, विद्यापीठाचं नाव होईल."

"म्हणजे विभाग वाचला?"

"विभाग बंद. तुम्ही वाचलात." त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. "सांस्कृतिक संचालक. गाडी आहे, शिपाई आहे."

"आणि मुलं?"

"दुसऱ्या कॉलेजात बसवू, इंग्रजीत. प्रोफेसरसाहेब, जंत लोकांना कुठूनही मिळतो. आपल्याकडून त्यांना दर्द हवाय."

शेवटच्या तासाला एका मुलीनं वही मिटता मिटता विचारलं, "सर, तिकडे जिगरला काय म्हणतात?"

"लिव्हर."

"नुसतं लिव्हर?"

"नुसतं लिव्हर."

संचालक म्हणून त्यांचा पहिला कार्यक्रम विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात झाला. मंत्रालयातले साहेब सपत्नीक आले होते. प्राध्यापक व्यासपीठावर गेले ते राजीनाम्याच्या तयारीनंच. घरी बाईंनाही सांगून आले होते; त्यांनी फक्त गाडी परत द्यावी लागेल का, एवढंच विचारलं होतं. प्राध्यापकांनी माइक धरला.

"मैं शायर नहीं हूँ," ते ओरडले. "मुझसे मेरे बच्चे छीन लिए गए, और मेरे हाथ में यह माइक दे दिया गया. आप मेरी ज़बान पर ताली बजाते हैं, मेरी बात कोई नहीं सुनता!"

मग साहेब हळूहळू उभे राहिले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या पत्नी, मग कुलगुरू, मग सगळं सभागृह. टाळ्या थांबेनात. साहेबांनी डोळे पुसले, दोन्ही हात जोडले आणि खालून कळकळीनं म्हणाले, "वा वा! सर, ती शेवटची ओळ पुन्हा एकदा होऊ द्या."

प्राध्यापकांनी समोर पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, माइक जरा जवळ ओढला आणि ती ओळ पुन्हा म्हटली. या खेपेला थोडी सावकाश, आणि 'कोई नहीं'वर जरासं थांबून.