साहेबांची जागा

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मिस्त्री तिच्याच कपाटाच्या दाराला रंधा मारत होते. ती दवाखान्यातून घरी यायच्या आत कपाट उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एक दार बसलं होतं, दुसरं हातात होतं. फोन ठेवून त्यांनी ते कोपऱ्यात भिंतीला टेकवलं आणि पुन्हा त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत.

दुकान मात्र चालू राहिलं. टेबलं झाली, खुर्च्या झाल्या. बंद पडली ती झाडलोट. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या दारात झाडू घेऊन बायको, अशी त्या जागेची रचना होती. "भुशात बुडून मराल एक दिवस," असं ती रोज म्हणायची आणि रोज झाडायची. आता म्हणणारं कुणी नव्हतं. भुसा घोट्यापर्यंत आला.

बापाचं गप्प बसणं लेकीला बघवेना. तिने कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं.

"ही ब्याद कशाला?"

"राहू द्या थोडे दिवस. नाही पटलं तर सांगा."

पिल्लाने आधी स्वयंपाकघरात, मग मिस्त्रींच्या चपलेत आणि मग धुतलेल्या चादरीवर हजेरी लावली. घाण त्याने करायची आणि निस्तरायची दुसऱ्याने, म्हणून मिस्त्रींनी त्याचं नाव साहेब ठेवलं. दिवसभर ते साहेबांवर ओरडत होते. संध्याकाळी घसा बसला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इतकं आपण कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो.

मधेच लेक आली आणि दारातच घसरली.

"बाबा, रविवारपर्यंत ह्याला वळण लागलं नाही, तर मी घेऊन जाणार. ह्या वयात पाय मोडून घ्यायचाय का?"

"जा की घेऊन," मिस्त्री म्हणाले. तिची पाठ वळताच त्यांनी फळ्या कापायला घेतल्या.

बाजारात प्लास्टिकचा ट्रे मिळतो, त्यात घालायची मातीही मिळते, असं तिने सांगितलं होतं. पण सुताराने घरात प्लास्टिक आणायचं म्हणजे आचाऱ्याने शेजाऱ्याकडे जेवायला जायचं. मिस्त्रींनी सागवानी पेटी केली. कडा गोल केल्या, पॉलिशचे दोन हात दिले. साहेबांनी पेटी हुंगली, आत जाऊन एक गिरकी घेतली आणि झोपले.

"अरे, संडास आहे तो!"

साहेबांनी कूस बदलली.

मग मिस्त्रींनी पेटीत भुसा घातला आणि लेकीला फोन लावला.

"उठला की त्यात ठेवा, खाऊन झालं की ठेवा," ती म्हणाली. "आणि जागेवर केलं की लगेच कौतुक करा."

"कौतुक? ह्या गोष्टीचं?"

"शाब्बास म्हणायचं, बाबा. जमेल ना?"

पहिलं शाब्बास गंजलेल्या बिजागरीसारखं कुरकुरत बाहेर आलं. नंतर सराव झाला. शनिवारी सकाळी साहेब आपण होऊन पेटीत गेले, मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या, आणि गडी तयार झाला म्हणून त्यांना कौतुकाने दुकानात घेऊन आले.

साहेब उंबऱ्यावर थबकले. समोर भिंतीपासून भिंतीपर्यंत भुसाच भुसा. मिस्त्रींना वाटलं होतं, साहेब पेटी शिकले. साहेब भुसा शिकले होते.

त्यांनी टेबलाखाली सुरुवात केली, मग करवतीपाशी, मग दारात. तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाई आपली खुर्ची बघायला आल्या. त्यांनी हातातली पिशवी खाली भुशात ठेवली आणि खुर्चीवरून बोट फिरवलं.

"पॉलिश छान चढलंय हो, मिस्त्री. पण वास कसला येतोय?"

"व्हार्निशचा," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी खाली बघितलं. साहेब पिशवीला टेकून, डोळे अर्धे मिटून, शांतपणे काम उरकत होते.

"अहो! ही काय पद्धत झाली?"

"पद्धत बरोबर आहे, बाई. जागा जरा मोठी झालीये."

बाई पिशवी बोटांच्या चिमटीत धरून गेल्या. खुर्ची राहिली.

मिस्त्री दमून मधल्या दारात बसले. अंगावर, केसांत, मांडीवर दिवसभराचा भुसा. साहेब शेपूट हलवत आले, मांडीवर चढले, दोन गिरक्या घेतल्या आणि बसले. मिस्त्रींना ऊब लागली. त्यांना भरून आलं. मग ती ऊब पसरायला लागली.

काम झाल्यावर साहेबांनी मान वर केली आणि शाब्बासकीची वाट बघत राहिले.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं, लेंग्याकडे बघितलं. "शाब्बास," ते म्हणाले. नियम म्हणजे नियम. मग उठले, दारात कपडे झटकले आणि झाडू शोधायला लागले. झाडू दाराच्या मागेच होता, तिने ठेवला होता तिथे.

रविवारी लेक आली, ती दारातच उभी राहिली. फरशीचा रंग तिला आठवतच नव्हता. भुसा फक्त पेटीत होता आणि पेटीत साहेब, कामात.

"बाबा, आई जन्मभर सांगत होती, तेव्हा नाही झाडलंत कधी!"

"तुझी आई नुसती बोलायची. हा करून दाखवतो."

ती हसली, तिने डोळे पुसले, पुन्हा हसली. "राहू दे मग ह्याला."

"तू म्हणतेस तर राहू दे," मिस्त्री घाईने म्हणाले.

मग तिची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे एक फळी आडवी लावली होती. पलीकडे भुसा तसाच होता, आणि भिंतीला टेकलेलं दार. साहेब फळीपाशी गेले आणि नाक वर करून हुंगायला लागले.

"तिथे नाही," मिस्त्री हळू म्हणाले.

साहेब परत फिरले.

"शाब्बास."

लेकीने आत जाऊन चहा ठेवला.

कपाटाचं दुसरं दार अजून बसवायचं आहे.