खांबेट्यांचं वाफेचं यान

खांबेटे पहिल्यांदा माझ्या दारात उभे राहिले ते पितळी तांब्या मागायला. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत लोक साखर मागतात, शिडी मागतात, फार तर जिन्यात चपला काढू नका म्हणून सांगायला येतात. पितळी तांब्या आजवर कोणी मागितला नव्हता. मी स्टीलचा पुढे केला. त्यांनी तो नखाने वाजवून पाहिला आणि परत दिला.

"अहो, आमचं यान व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आहे. त्यात स्टील कुठून येणार? काळाचं भान ठेवा."

बायकोने माळ्यावरून तिच्या आईचा तांब्या काढून दिला. तो अजून परत आलेला नाही.

खांबेटे दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, एकटेच. एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि पेठेत बाकीचं आयुष्य. बायको गेल्यावर तिथली जागा विकून इकडे आलो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. निवृत्त माणसं फिरायला जातात, बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात. खांबेट्यांनी श्रुतिका काढली. म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. राणीच्या राज्यात पुण्याचे एक रावबहादूर, त्यांच्या पत्नी राधाबाई आणि एक गोरा कॅप्टन असे तिघं पर्वतीच्या पायथ्याशी वाफेच्या यानात बसतात आणि थेट दुसऱ्या ग्रहावर उतरतात. लेखक खांबेटे, दिग्दर्शक खांबेटे, रावबहादूर खांबेटे आणि वाफही खांबेटेच. दर गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळी एकेक भाग ऐकायची.

कॅप्टन मी झालो. माझी निवड त्यांनी जिन्यात केली.

"तुम्ही इंग्रजी शाळेतले का?"

"छे हो. म्युनिसिपालिटीच्या."

"मग मराठी असं का? असू दे. गोऱ्या साहेबाला शोभेल."

रेकॉर्डिंग त्यांच्या आतल्या खोलीत चालायचं. लाकडी कपाटाची दोन्ही दारं उघडायची आणि समोर दोन स्टुलं ठेवून आम्ही कपाटात तोंड घालून बोलायचं. कपाटभर सुती साड्या टांगलेल्या होत्या. त्याने आवाज घुमत नाही म्हणे. "गाद्या लावून पाहिल्या, पण सुती साडीची सर नाही," असं त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं.

काळाच्या भानापायी त्यांनी माझा छळ मांडला होता. वाफेचा आवाज कुकरने सहज झाला असता, पण राणीच्या काळात कुकर नव्हता, म्हणून चहाची किटली तासतास उकळत ठेवायची. एकदा ग्रहावरच्या वादळाच्या ऐन प्रसंगात माझ्या खिशातली किल्ली वाजली.

"कॅप्टन, कसली किल्ली ती?"

"स्कूटरची."

"छान. यान बंद पडलं तर तुम्ही स्कूटरने या. आम्ही पुढे होतो." आणि वादळ पहिल्यापासून.

एवढ्या काटेकोर माणसाच्या श्रुतिकेत राधाबाईंना मात्र कसलंच बंधन नव्हतं. त्यांचं काम करणाऱ्या बाई मला कधी दिसल्या नाहीत. त्यांची वाक्यं आधीच रेकॉर्ड झालेली असायची. खांबेटे ती मोबाइलवरून लावायचे आणि आम्ही त्यांना उत्तरं द्यायचो. पण वाक्यं तरी कसली! यान ग्रहावर टेकतं, दार उघडतं, मानवजातीचं पहिलं पाऊल पडणार, आणि राधाबाई म्हणतात, "अहो, येताना अर्धा किलो गवार आणा. कोवळी बघून घ्या. मागच्या वेळी दोरखंड आणलेत."

या एका वाक्यासाठी खांबेट्यांनी त्या ग्रहावर गवारीचं जंगल उभं केलं. पुढच्या भागात राधाबाई म्हणाल्या, "मी स्वारगेटला उतरलेय, तुम्ही निघू नका." मी स्टुलावरच उडालो. खांबेटे शांत.

"साहेब लोक जातील तिथे ओळखीची नावं देतात. त्या खड्ड्याचं नाव स्वारगेट. कॅप्टन, नाव तुम्हीच दिलंय. कागद बघा."

कागदावर खरंच होतं. एकदा तर "अहो, गॅस बंद केलात का, बघा बरं" या वाक्यावर त्यांनी चार पानं खर्ची घातली, कारण राणीच्या काळात गॅसचे दिवे होते. ज्येष्ठ मंडळी खूश. दुसऱ्या मजल्यावरच्या गोखले आजींना तर राधाबाईंशिवाय दुसरं कोणी आवडेना.

मला राहवलं नाही. एके दुपारी मी म्हणालो, "खांबेटे, या बाई कुठून पकडून आणल्यात? अभिनय नावाला नाही. घरी बसून नवऱ्याला भाजी सांगितल्यासारखं बोलतात."

खांबेट्यांनी किटलीखालचा गॅस बंद केला. "हो," ते म्हणाले, "अभिनय तिला कधीच जमला नाही." आणि त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तिथेच थांबलं.

मला वाटलं, मानधनावरून काही बिनसलं असेल.

असे सहा महिने गेले. यान काही परत फिरेना. गोखले आजी अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांनी एका गुरुवारी सगळ्यांदेखत सांगितलं, "खांबेटे, माझ्या डोळ्यांदेखत त्यांना घरी आणा बाबा. माझा काय भरवसा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. खांबेटे "बघू" म्हणाले आणि पुढच्या गुरुवारी यानाचा बॉयलर फुटला. त्याच्या पुढच्या गुरुवारी दुरुस्ती. तिसऱ्या गुरुवारी परत फुटला.

तेव्हा मीच शेवटचा भाग लिहून घेऊन गेलो. त्यात राधाबाईंना एकच वाक्य होतं, "अहो, ती बघा पृथ्वी!"

त्यांनी कागद वाचला आणि घडी घालून मला परत दिला. "चांगलं आहे. पण ती हे म्हणणार नाही."

"का? बोलवा ना बाईंना. एका वाक्याचं काम आहे."

खांबेट्यांनी कपाटातली एक साडी सरळ केली. मग मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर व्हॉइस मेसेजची रांग होती आणि वर नाव होतं, कुंदा.

"टाइप करायचा कंटाळा होता तिला. बोलून पाठवायची. मी ऐकले की पुसून टाकायचो. मोबाइलची जागा भरते म्हणून. तेवढे तेवीस राहिले. बावीस झाले वापरून."

भाजी सांगितल्यासारखं बोलतात, असं मी म्हणालो होतो. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "माझी मुलगी सांगत होती, हल्ली कंप्युटर आवाज बनवून देतो. पाहिजे ते वाक्य."

"तिने जे म्हटलं नाही ते तिच्या तोंडी घालायचं? छत्तीस वर्षांत माझं ते धाडस झालं नाही. आता ती नाही म्हणून करू?" खांबेटे किंचित हसले. "आणि तेविसावा लावला की संपलंच हो. यान तिकडे आहे तोवर दर गुरुवारी ती मला 'अहो' म्हणते. परत आल्यावर कोण म्हणणार?"

मी खाली आलो आणि माझा कागद फाडून टाकला.

दोन दिवसांनी सकाळी खांबेटे दारात. "कॅप्टन, उतरायचं. या गुरुवारी."

"अहो, पण घाई काय आहे?"

"तिला घराबाहेर दोन दिवसांच्या वर करमायचं नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली तर तिसऱ्या दिवशी सकाळी दारात. आणि मी तिला सहा महिने त्या गवारीच्या जंगलात ठेवलंय. चिडली असती."

गुरुवारी हॉल भरला होता. गोखले आजी पुढच्या रांगेत. मी आणि खांबेटे कडेच्या खुर्च्यांवर. ते माझा पितळी तांब्या मांडीवर घेऊन बसले होते. यान गडगडत खाली आलं, टेकलं, किटलीने शेवटचा सुस्कारा सोडला. माझाच आवाज म्हणाला, "रावबहादूर, दार उघडा. आपण कुठे उतरलो ते पाहू."

कपाटाचं दार करकरलं. आणि एकदम माणसांचा गजबजाट. "कोथिंबीर घ्या, ताजी कोथिंबीर!" वजनं तागडीत पडल्याचा आवाज, पिशवीची सळसळ, अगदी जवळ बांगड्या किणकिणल्या. तेविसाव्या मेसेजच्या वेळी फोन पर्समध्ये होता आणि बटण चुकून दाबलं गेलं होतं.

"मंडई!" गोखले आजी टाळी वाजवून ओरडल्या. "अगं बाई, मंडईत उतरले!"

तेवढ्यात एका स्कूटरचा हॉर्न खणखणीत वाजला. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो खांबेटे, राणीच्या राज्यात स्कूटर? काळाचं भान ठेवा!" हॉल हसला. मी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने माझ्या एका किल्लीसाठी अख्खं वादळ पुन्हा घेतलं होतं.

"असू दे," खांबेटे पुटपुटले. "ती होती तिथे."

एक बाई लांबून भाव करत होती, शब्द कळत नव्हते. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला आणि राधाबाई अगदी कानाशी बोलल्या, "अरे देवा! हे चालूच आहे का मघापासून?"

आणि खट्ट करून सगळं थांबलं.

टाळ्या पडल्या. खांबेट्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गोखले आजी काठी टेकत आमच्यापाशी आल्या.

"काय गोड बोलतात हो तुमच्या राधाबाई. अगदी घरातल्यासारखं. त्यांना सांगा, मला फार आवडलं म्हणून."

खांबेटे उठून उभे राहिले.

"सांगतो तिला," ते म्हणाले.