आप्पांची ट्रायल

आमच्या शेजारचे आप्पा व्हीसीआर गोधडीत गुंडाळून एसटीने फिरवायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा आजारी नातवंड घेऊन दवाखान्यात निघालाय. बायका उठून जागा द्यायच्या. आप्पा खुशाल बसायचे, गोधडी मांडीवर सारखी करायचे आणि कुणी काळजीनं विचारलंच तर म्हणायचे, "लाइटीला जोडलं की बरं हुतंय त्याला."

मग मी शिरूरला राहायला आलो. माझ्याकडे मोटरसायकल होती आणि कंपनीला गुरुवारची सुट्टी. ही दोन्ही पापं आप्पांच्या लगेच लक्षात आली. गुरुवारी सकाळी अंथरुणात लोळावं म्हटलं की दारात हाक यायचीच, "हायस का?" मागच्या सीटवर आप्पा, आमच्या दोघांच्या मध्ये व्हीसीआर आणि आप्पांच्या सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलेली कॅसेट, अशी आमची वरात निघायची.

आप्पांना डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा होता. कॉम्प्युटर न लागणारा, टीव्हीखाली निमूट बसणारा डबा. त्याला व्हीसीआर जोडायचा, कॅसेट लावायची, कोरी डीव्हीडी आत सरकवायची, झालं. मात्र हा डबा स्वस्तातला हवा होता आणि आप्पांच्या मनात भरायला हवा होता. स्वस्त डबे मिळत होते. मन काही भरत नव्हतं.

कॅसेटवर काकू होत्या. मी आलो त्याच्या आदल्या वर्षीच त्या गेल्या, त्यामुळे काकूंना मी पाहिलं ते दुकानांतल्या टीव्हीवरच. कॅसेटला बुरशी धरत चालली होती. लावावी तेव्हा चित्रावर एखादी पांढरी रेघ वाढलेली दिसायची. म्हणजे मशीन लवकर घेणं भाग होतं, नाहीतर एक दिवस नुसत्या रेघा उरल्या असत्या. मला ही धास्ती होती. आप्पांना ती का नव्हती, ते कळत नव्हतं.

पुण्यातला मुलगा फोनवर म्हणायचा, "आप्पा, कॅसेट माझ्याकडं द्या, लॅबमधून करून आणतो." आप्पा फोनमध्ये ओरडायचे, "व्हय, आन् तुझ्या आईला पिशवीत घालून कुणाच्या बी टेबलावर ठिवू? तिथला पोरगा वर गाणं चिकटवणार, कडंनं गुलाब काढणार. न्हाई जमायचं!"

आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. समोरच्यानं सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं एकच शिक्षण त्यांनी घेतलं होतं आणि ते पुरेपूर घेतलं होतं. दुकानदारानं मशीनचे गुण सांगायला तोंड उघडलं की आप्पा हात वर करायचे. "ट्रायल दाव, मग बोल."

मग गोधडी सुटायची. लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना मागे लागायच्या. दुकानदार कितीही गडबडीत असो, आप्पा त्याला स्टुलावर बसवायचे. ट्रायलला माणसं लागतात म्हणून शेजारचा शिंपी, पलीकडचा रसवंतीवाला आणि रस्त्यानं चाललेलं कुणीही आत ओढायचे.

कॅसेट मुलाच्या लग्नाची होती, पण लग्न कुणी कधी बघितलं नाही. आप्पा फक्त सुरुवातीचा तुकडा लावायचे. हळदीचा दिवस. शूटिंगवाला शाळेच्या ग्राउंडवर कॅमेरा तपासतोय आणि कुणा भाचीची मोपेड घेऊन काकू समोरून येतात. आयुष्यात पहिल्यांदा गाडीवर बसलेल्या. दोन्ही हात हळदीनं पिवळे, पदर खोचलेला. काकू गोल फिरतात, पुन्हा फिरतात आणि कॅमेऱ्याजवळून जाताना ओरडतात, "अवं, हिला थांबवायचं कसं?" मागून आप्पांचा आवाज, "दाब! दाब की!" "काय दाबू?" "दाबायचं ते दाब!" पुढच्या फेरीला काकू आप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जातात. दुकानात हशा पिकतो. काकू तिसऱ्यांदा वळतात, गाडी जोरात येते आणि पडदा काळा. कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली.

सगळं दुकान एका सुरात म्हणायचं, "मग? थांबल्या कशा?"

आप्पा तपकिरीची डबी काढायचे. मग सांगायचे, दर दुकानात निराळं. शिरूरच्या दुकानात काकू कडब्याच्या गंजीत घुसल्या आणि दोन तास फक्त चपला दिसत होत्या. कोरेगाव भीमाला पेट्रोल संपलं, तेही बरोबर मांडवाच्या दारात. यवतला व्याही मधे आडवे आले, त्यांनी हँडल धरलं आणि लग्नात सगळे विधी लंगडत केले. शिंपी डोळे पुसायचा. रसवंतीवाला सगळ्यांना रस पाजायचा. एका दुकानदाराची आई आतून मुद्दाम बाहेर आली आणि म्हणाली, "बाई मोठी धीराची हो तुमची." आप्पांची मान ताठ झाली. "धीराची? उलट्या काळजाची व्हती. मला मोजत न्हवती."

एवढं झाल्यावर दुकानदार मशीनकडे वळायचा. "मग, हे बांधू का?"

"बटणं लई हायेत."

"हे बघा, ह्याला कमी आहेत."

"कमी बटणाचं काय खरं असतंय? आत निम्मं काढून घेतलं आसंल." आणि आप्पा व्हीसीआर गुंडाळायला लागायचे. एकदा रिमोट हलका लागला म्हणून मशीन नाकारलं. एकदा दुकानदारानं भाव लगेच उतरवला म्हणून संशय आला. मी उन्हात, पोटात कावळे ओरडत असताना, गाडीला किक मारत म्हणायचो, "आप्पा, अहो कुठलं तरी घ्या की एकदाचं!" आप्पा मागून म्हणायचे, "तुला घाई आसंल तर तू घे."

शेवटी व्हायचं ते दौंडला झालं. आप्पांच्याच व्हीसीआरनं कॅसेट गिळली. काकू दुसरी फेरी मारत होत्या, चित्र आडवं झालं, करकर असा आवाज आला आणि पडद्यावर मुंग्या नाचायला लागल्या. दुकानदारानं झाकण उघडून फीत ओढली, तर ती शेवयांसारखी बाहेर आली, ठिकठिकाणी तुटलेली. तो बिचारा घामाघूम. आप्पा नुसते बघत होते. मग त्यांनी ते सगळं गोळा करून गोधडीत ठेवलं आणि म्हणाले, "असू दे. तुझा काय दोष न्हाई."

मला संताप आला होता आणि वाईटही वाटत होतं. इतकी मशिनं पाहिली, एक घेतलं असतं तर काकू वाचल्या असत्या, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर, सांत्वन करावं की भांडावं हे न ठरवताच, मी आप्पांच्या घरात शिरलो.

टीव्ही चालू होता. पडद्यावर काकू गोल फिरत होत्या. एकही रेघ नव्हती. टीव्हीखाली डीव्हीडी रेकॉर्डर होता, वर विणलेला रुमाल घातलेला, रुमालावर धूळ.

"हे कधी घेतलं?"

"मागल्या दिवाळीत."

"आणि वर्षभर मला उन्हातान्हात फिरवताय?"

आप्पा उसळले. "व्हय, फिरवतोय! मग? चोरी केली का कुणाची? ट्रायल घ्यायला कायद्यानं बंदी हाय? कॅसेट हाय तवर मी दुकानात जाणार. डीव्हीडी घिऊन गेलो तर ट्रायलला उभं तरी करंल का कुणी?" मग आवाज जरा उतरला. "हितं लावली, तर पडदा काळा हुतोय आन् घर गप बसतंय. 'मग?' म्हणून कोण इचारत न्हाई."

मी पाटावर बसलो. काकू तिसऱ्यांदा वळल्या, जोरात आल्या आणि पडदा काळा झाला.

"मग?" मी म्हणालो. "खरं सांगा आप्पा. थांबल्या कशा?"

आप्पांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मला वाटलं, हाकलतात आता.

"थांबली कुठं? गेटातनं थेट बाहीर. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. मी अनवाणी मागं पळतोय, आन् ती वळून वळून हासतीया. ओढ्याच्या पुढं दिसंनाशी झाली. पाक दिवस कलला तवा आली. म्हणलं, शिकलीस का थांबवायला? तर म्हणती, मला थांबायचंच न्हवतं."

"अहो, हे तर गंजीपेक्षा भारी आहे! मग दुकानांत हे का नाही सांगत?"

"एकदा सांगितलं व्हतं." आप्पांनी रिमोट पालथा केला, पुन्हा सुलटा केला. "त्यो म्हणला, मग आल्या का परत?"

बाहेर कुणाच्या तरी घरी जेवायला हाका चालल्या होत्या.

"आली व्हती," आप्पा म्हणाले. "त्या दिवशी आली व्हती."