जगण्यापुरती जपानी

वेळापत्रककाकांनी जपानी शिकायचं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे काय, आधी त्याचं वेळापत्रक आखायला घेतलं. बस डेपोत उभी हयात गाड्यांच्या वेळा लावण्यात गेलेली. हा गृहस्थ दाढीसुद्धा तक्ता आखल्याशिवाय करत नसे. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी ठेवलेलं हे नाव त्यांच्या सासुरवाडीपर्यंत पोचलं होतं, आता बोला.

कारण मात्र लाखमोलाचं होतं. लेक जपानात नोकरीला गेली, तिथलाच नवरा केला, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आजोळी यायची होती. लेक दिवसभर कामावर, पोर दिवसभर बालवाडीत नाहीतर तिकडच्या आजीकडे, त्यामुळे तिला जपानीखेरीज काही येत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर काका दिसले की ती आईच्या पाठीमागे दडायची. काका इकडून टाळ्या वाजवायचे, तोंडं वेडीवाकडी करायचे, आणि फोन बंद झाला की उगाच चष्मा पुसत बसायचे. नातीने आपल्याशी दोन शब्द बोलावेत, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

तक्ता झाला तो बघण्यासारखा. लाल शाईत 'जगण्यापुरती जपानी', म्हणजे पाणी दे, इथे बस, कुठे दुखतंय. हिरव्या शाईत 'करमणुकीपुरती जपानी', म्हणजे नातीच्या मांडीला मांडी लावून कार्टून बघता येईल इतपत. शेवटी एक रकाना 'अपघात, पंक्चर वगैरे' यासाठी मोकळा. (भाषा शिकताना पंक्चर कसं होतं, असं काकूंनी विचारलं. काकांनी रकान्याची रेघ आणखी ठळक केली.)

तक्त्याप्रमाणे पहिला आठवडा पूर्वतयारीचा. त्यात काकांनी पुस्तकातून शब्द उतरवून घरभर चिठ्ठ्या डकवल्या. खुर्चीवर खुर्चीचा, आरशावर आरशाचा, कचऱ्याच्या डब्यावर डब्याचा. चिठ्ठीवर फक्त जपानी शब्द, तोही देवनागरीत, कारण सोबत मराठी दिलं तर डोकं आळशी होतं असं त्यांचं मत. पाठांतर मात्र सोमवारपासून. त्याआधी एक शब्दही डोक्यात शिरू नये म्हणून ते चिठ्ठ्यांसमोरून जाताना मान फिरवून चालायचे. डेपोचा नियमच होता, गाडी उशिरा सुटली तर ओरडा बसतो, वेळेआधी सुटली तर मेमो मिळतो.

नेमका शनिवारी रंगारी आला. लेक येणार म्हणून घराला रंग काढायचा काकूंचा हट्ट होता. काका डेपोत ड्यूटीवर. रंगाऱ्याने सामान मधोमध ओढून वर चादरी टाकायला घेतल्या, तेव्हा काकूंनी सगळ्या चिठ्ठ्या सोडवून एका परातीत ठेवल्या. रंग वाळल्यावर, नवऱ्याची मेहनत वाया जाऊ नये म्हणून, बिचारीने एकेक चिठ्ठी पुन्हा डकवली. कुठली कुठे होती हे आठवेना, तेव्हा लांब शब्द मोठ्या वस्तूंना आणि आखूड शब्द लहान वस्तूंना, असा हिशेब तिने आपल्यापुरता लावला.

संध्याकाळी काका आले तेव्हा तिने जरा चाचरतच विचारलं, "अहो, चिठ्ठ्या काढून परत लावल्यात. बरोबर आहेत का, एकदा बघता?"

सोमवार उजाडला नव्हता. बघायचं तर मेमो, आणि 'मलाच माहीत नाही' म्हणायचं तर इज्जत गेली. काका छताकडे बघत म्हणाले, "अगदी चोख."

मग सोमवारपासून जे पाठांतर सुरू झालं, त्याला तोड नाही. काका वेताच्या खुर्चीवर थाप मारून 'गोमिबाको' म्हणायचे आणि आरशाला नमस्कार करून 'रेइझोको' म्हणायचे. पुस्तकातली वाक्यंही घोटली. नात यायच्या दिवशी ते दारात असे उभे होते, जणू सगळं जपानच त्यांच्या घरी पाहुणं येतंय.

पोर आली आणि आईच्या ओढणीमागे दडली. काका कमरेत वाकले, 'इथे बस' म्हणून खुर्चीकडे हात केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गोमिबाको नि सुवात्ते कुदासाई."

पोरीने मान बाहेर काढली. आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. वळण चांगलं होतं तिचं. थोरांचं ऐकायचं हे शिकवलेलं. ती मुकाट्याने स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर हात बांधून बसली.

"बाबा," लेक म्हणाली, "आल्या आल्या तिला कचऱ्याच्या डब्यावर का बसवलंत?"

काका लाल झाले, तरी सावरायला म्हणून नातीला आरशाकडे नेऊन, तू किती गोड दिसतेस ते 'रेइझोको'त बघ, असं जपानीत म्हणाले. ती पळत जाऊन फ्रिज उघडून आत बघायला लागली. मग मागे वळली, आजोबांचा चेहरा पाहिला, आणि जी हसत सुटली ती खाली बसून हसली. काकूंच्या डोक्यात परात लख्ख उभी राहिली. त्या गुपचूप पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पुढे सगळी सुट्टी दोघांचा तोच खेळ. आजोबांनी काही मागायचं आणि नातीने घरातून भलतंच काढून आणायचं. उशी मागितली की झाडू येई. ती त्यांच्या खांद्यावर बसून बडबडायची, त्यातलं काकांना अक्षर कळत नव्हतं, पण चष्मा पुसायची वेळ एकदाही आली नाही. निघताना तीच रडली, आणि काकांनी तक्त्यावर लाल शाईने 'यशस्वी' असं लिहिलं.

परत गेल्यावर लेकीचा फोन आला. नात आता पडद्याला नाक लावून बसली होती. लेक म्हणाली, बालवाडीत बाईंनी विचारलं, आजोळी काय केलंस. तर ही सगळ्या वर्गासमोर उभी राहिली आणि म्हणाली, आजोबांकडून मराठी शिकले.

"मराठी?" काका म्हणाले.

"हो ना. म्हणते, मराठी फार सोपी आहे. सगळे शब्द आपले जपानीच, फक्त वेगळ्या वस्तूंना लावायचे. सगळ्या वर्गाला शिकवतेय."

काकांनी फोन जवळ ओढला. तरी आशा सुटेना. "अगं, पण तिला विचार तर, माझी जपानी कशी वाटली?"

लेकीने विचारलं. पोरीने आजोबांकडे प्रेमाने पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. लेक ओठ चावत राहिली.

"ती म्हणते, आजोबांना जपानीसुद्धा येते का? मग एकदा बोलून दाखवा ना."