अकरा बायकांची चोरओटी

थर्मामीटरमधला पारा सत्त्याण्णव पूर्णांक सहाच्या रेघेपाशी थांबला होता. उत्तराने तो खिडकीच्या उजेडात धरला, दोनदा वाचला आणि गादीखालच्या आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने एक टिंब काढलं. कालचं टिंब सत्त्याण्णव सहा. परवाचं सत्त्याण्णव पाच. त्रेचाळीस दिवसांची त्रेचाळीस टिंबं जोडली, तर मुलुंडच्या मिठागरांसारखी सपाट रेघ निघत होती. बीज सुटलं की ही रेघ थोडी वर चढते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उत्तराच्या रेघेचा वर चढायचा विचार दिसत नव्हता.

उत्तरा भांडुपच्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत काम करायची. बाटलीत काय आहे ते तपासल्याशिवाय लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, ही तिची सवय. स्वतःच्या शरीराचंही तिने तसंच पद्धतशीर केलं होतं. वय एकतीस. लग्नाला पाच वर्षं. वजन दसऱ्याला होतं अडुसष्ट किलो. पाळी मनाला येईल तेव्हा. हनुवटीवर तीन केस, तेही काळे आणि जिद्दी. प्रयोगशाळेतल्या चिमट्याने दर रविवारी उपटावे, तर पुढच्या रविवारी पुन्हा हजर!

डॉक्टर एथेल परेरा भांडुपच्याच जुन्या गावठाणातल्या. त्यांच्या बोलण्यात आडपडदा नसे.

“बघ पोरी,” त्यांनी सात महिन्यांपूर्वीच सांगून टाकलं होतं, “तुझ्या बीजकोशात पाण्याच्या बारीक बारीक गाठी असणार. पॉलिसिस्टिक ओव्हरी म्हणतात याला. बीज तयार व्हायला लागतं, पण पुरतं पिकत नाही, आतच अडकून बसतं. म्हणून पाळी येत नाही, म्हणून वजन, म्हणून ते केस. घाबरू नको. आठेक किलो उतरव. बीज सुटायला गोळ्या आहेत, त्या मी देते. पण आधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करून रिपोर्ट आण. तो बघितल्याशिवाय एक गोळी द्यायची नाही मी!”

आठ किलो उतरवणं सोपं होतं. नवरा अवघड होता.

शिवदास वाईट माणूस नव्हता. सरकारी कचेरीत होता, एवढंच. आलेली फाइल नाही म्हणून परत पाठवायची नाही, फक्त पुढे ढकलायची, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. जूनमध्ये त्याला सर्दी होती. (“सर्दीत असले आकडे बरोबर येतात का गं?”) जुलैमध्ये पाय मुरगळला. पायाचा आणि या तपासणीचा संबंध काय, हे उत्तराने विचारलं, तर तो म्हणाला, “चालत जायला नको?” ऑगस्टमध्ये श्रावण होता. सप्टेंबरात गणपती. त्यानंतर तर सबळच कारण मिळालं, कारण गणपती झाल्यावर त्याची आई, सुगंधाबाई, गावाहून मुलाकडे कायमच्या राहायला आल्या.

“आता आईसमोर कसं जायचं?”

“अहो, आईंसमोर नाही, दवाखान्यात जायचंय!”

“तेच ते.”

शेवटी दसऱ्याच्या दिवशी उत्तराने आपल्या हातात होतं तेवढं करायचं ठरवलं. “सहा महिन्यांत आठ किलो उतरवून दाखवते,” ती म्हणाली. “लिहून घ्या! तोवर तुम्ही रिपोर्ट आणा. आणि आईंना यातलं काहीएक कळता कामा नये.”

ही शेवटची अट तिने विचार करून घातली होती. मुलुंडच्या शरयू सोसायटीत राहायला आल्यापासून पंधरा दिवसांत सुगंधाबाईंनी तीनही मजल्यांवर मैत्रिणी जमवल्या होत्या. त्यांच्या पोटात जेवण सोडलं तर काहीही राहत नसे.

मोहीम सुरू झाली. भात बंद, साखर बंद, दोन पोळ्या, सकाळी सहाला मिठागराच्या रस्त्याने पाऊण तास चालणं. सुगंधाबाईंना काय सांगायचं हा एकच प्रश्न होता.

रविवारी त्यांनी वडे तळले. “घे गं चार.”

“नको आई. तेलाचा वास नको वाटतोय.”

सुगंधाबाईंचा झारा कढईवर थबकला.

दोन दिवसांनी नारळीभात. “नको आई, मळमळेल मला.”

आता वाढायचा डाव थबकला. या खेपेला सुगंधाबाई गालात हसल्या, पण उत्तराचं लक्ष दुधीच्या फोडी मोजण्याकडे होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुनेची नोकरी, सुनेचं विज्ञान, सुनेचं सकाळी बूट घालून भटकणं, सगळं सुगंधाबाईंनी मान्य केलं होतं. एकच रीत सोडली नव्हती. ते चार दिवस सुनेने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. आल्या आल्या ऑक्टोबरात एकदा तसं झालंही. त्यानंतर नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, संक्रांत आली, आणि सून एकही दिवस बाजूला बसली नाही. सुगंधाबाईंनी बोटांची पेरं मोजली. पुन्हा मोजली. मग देवासमोर साखर ठेवली.

एकदा गादी उन्हात टाकताना त्यांना थर्मामीटर सापडला. तो त्यांनी होता तसा परत ठेवला आणि तळमजल्यावरच्या अंजनामावशींना जाऊन सांगितलं, “रोज ताप बघते हो पोर! मलापण शिवदासच्या वेळी अशीच कणकण असायची.”

उत्तराला एका शब्दाने विचारलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची, म्हणजे कुणाला पत्ता न लागू देता गुपचूप ओटी भरायची, आणि ती भरेपर्यंत त्या विषयाचा पोटुशीसमोरही उच्चार करायचा नाही, नाहीतर दृष्ट लागते, अशी त्यांच्या घराण्याची रीत. तेव्हा सुगंधाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक गुपित राखलं. फक्त एका माणसापासून!

तरीही अंजनामावशींना थोडी शंका होती. ती सोनोग्राफीने फेडली.

घाटकोपरला नुकतंच एक सोनोग्राफी केंद्र निघालं होतं. डॉक्टर परेरांनी उत्तराला तिथे पाठवलं. जाताना सहा ग्लास पाणी प्यायचं आणि तपासणी होईपर्यंत धरून ठेवायचं, अशी सक्त सूचना. उत्तरा प्रयोगशाळेच्या शिस्तीने दीड लीटर पाणी मोजून प्यायली. मिलीलीटरचाही फरक नाही. पण रस्त्यावरचे खड्डे तिने मोजलेले नव्हते. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळली, की तिच्या डोळ्यांसमोर विहारचा अख्खा तलाव हेलकावे खाई.

केंद्रात पोचली तर बाकावर अंजनामावशी! पित्ताशयातले खडे दाखवायला आलेल्या.

“तू गं इथे?”

“सहज,” उत्तरा दात आवळून म्हणाली. सोनोग्राफी केंद्रात सहज कुणी येत नाही, हे तिलाही कळत होतं. पण याहून लांब उत्तर देण्याच्या अवस्थेत ती नव्हती.

डॉक्टर तासभर उशिरा आले. तिचं नाव पुकारलं, तेव्हा ती दोन्ही हात पोटाशी धरून, पायाखाली अंडी पसरल्यासारखी एकेक पाऊल टाकत आत गेली. अंजनामावशींनी ती चाल पाहिली. चार बाळंतपणं केलेल्या बाईला आणखी काय पुरावा हवा? खडे तसेच ठेवून त्या पहिल्या गाडीने मुलुंडला परतल्या.

शुक्रवारी संध्याकाळी उत्तरा कामावरून आली. पर्समध्ये सोनोग्राफीचं पाकीट होतं. वजन चौसष्ट भरलं होतं, म्हणजे साडेतीन महिन्यांत चार किलो. मनात फक्त एकच बोच होती: गोळ्या डॉक्टरांच्या कपाटात तयार होत्या आणि रिपोर्टचा अजून पत्ता नव्हता.

दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सोसायटीतल्या दहा बायका आणि अकराव्या सुगंधाबाई. आणि आवाज म्हणाल तर, कुजबुज! अकरा बायका एका खोलीत कुजबुजल्या, की मोठं पिठाचं जातं फिरल्यासारखं वाटतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू असणार, उत्तराने निष्कर्ष काढला. महिना जानेवारीचा. सगळं जुळत होतं.

“हळू बस गं, हळू,” अंजनामावशींनी तिला दंडाला धरून पाटावर बसवलं. कुणीतरी तिच्या खांद्यावर हिरवी साडी टाकली. सुगंधाबाईंनी ओटीत नारळ, तांदूळ आणि पाच फळं घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. हळदीकुंकवाला सासूला रडू का यावं, हे उत्तराला कळेना. पण गावाकडची पद्धत असेल, असं समजून तिने ओटी सावरली.

“खा गं,” दुसऱ्या मजल्यावरच्या सगुणावहिनींनी पुरणपोळीचा तुकडा थेट तिच्या तोंडाशी आणला. “आता डाएट-बिएट विसर. दोघांचं खायचं!”

“दोघांचं म्हणजे? ह्यांचं मी का खाऊ?”

कुजबुज थांबली आणि दबलेला हशा पिकला. “बाई बाई, लाजते कशी बघा!”

मग सुगंधाबाईंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. खरं तर हा खेळ सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाचा. पण त्यांना चार महिने थांबवेना. “उचल. एकीवरचं झाकण उचल.”

उत्तराने उचललं. आत पेढा.

“मुलगा!” अंजनामावशी विसरून जोरात ओरडल्या. मग सगळ्यांनीच “शूऽऽ!” केलं, तेही इतक्या जोरात, की वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

तेल, मळमळ, थर्मामीटर, पोटावरचे हात, तीन महिने. उत्तराच्या डोक्यात एकेक टिंब दुसऱ्याला जोडलं गेलं. ही रेघ मात्र सरळ छतापर्यंत चढली.

“आई,” ती पाटावरून उठली. ओटीतला नारळ घरंगळला. “आई, तसं काही नाहीये.”

“शूऽ! बोलायचं नसतं गं.”

“बोलायला हवं. मला दिवस गेलेले नाहीत.”

नारळ कपाटाखाली जाऊन थांबल्याचं अकराही जणींना ऐकू आलं.

“पण तीन महिने...” सुगंधाबाईंनी नकळत पेरं मोजायला घेतली.

“तोच माझा आजार आहे, आई. मला पाळी नीट येतच नाही.” आणि मग उत्तराने सांगितलं. आधी अडखळत, मग प्रयोगशाळेत नव्या माणसाला समजवावं तसं, पायरीपायरीने. बीज, गाठी, वजन, हनुवटीवरचे केससुद्धा. पाकिटातलं छायाचित्र तिने उजेडात धरलं. करड्या गोलाच्या कडेने बारीक काळे ठिपके ओळीने बसले होते.

“मोत्यांच्या माळेसारखं दिसतंय,” सगुणावहिनी हळूच म्हणाल्या. आणि मग, अगदी कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, जो सगळ्यांना ऐकू गेला, “मलापण सहा-सहा महिने यायची नाही. धाकटा नऊ वर्षांनी झाला. मी कुणाला सांगितलं नाही कधी.”

“माझ्यापण आहेत हनुवटीवर,” अंजनामावशी म्हणाल्या. “पाच आहेत!”

सुगंधाबाई खाली बघत होत्या. “मला का नाही गं सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“मग आता काय बरं वाटतंय?” त्यांनी पदराने नाक पुसलं आणि लगेच मुद्द्यावर आल्या. “औषध नाही यावर?”

“आहे. गोळ्या आहेत.”

“मग घेत का नाहीस?”

उत्तराने छायाचित्र पाकिटात परत घातलं. स्वतःचं सगळं तिने सांगितलं होतं. पुढचं उत्तर दुसऱ्याचं होतं.

तेवढ्यात दार ढकलून शिवदास आत आला. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा निवडून आलेल्या उमेदवाराचा. दुपारी सुगंधाबाईंनी अंजनामावशींच्या घरून त्याला कचेरीत फोन केला होता: “लवकर ये, घरात आनंद आहे.” आनंद रद्द झाल्याची बातमी वाटेत कोण देणार?

“बघ उत्तरा!” चपला न काढताच तो गरजला. “मी म्हणत नव्हतो? झालं की नाही आपोआप? आता माझी तपासणी-बिपासणी काही नको!”

अकरा माना वळल्या.

“कसली तपासणी रे?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“अं? ती... ऑफिसची.”

“हिला दिवस गेले की तुमची ऑफिसची तपासणी टळते?” सगुणावहिनी म्हणाल्या. “बरं आहे हो तुमचं ऑफिस!”

शिवदासने बायकोकडे पाहिलं. उत्तराने मदत केली नाही. नळीत दोन द्रव मिसळले, की मध्ये ढवळाढवळ करायची नसते.

“दिवस गेलेले नाहीत,” ती शांतपणे म्हणाली. “तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टर गोळ्या देत नाहीत. आज सात महिने झाले.”

“सात महिने!” सुगंधाबाई उठल्याच. “माझ्या हातचे वडे सोडून पोर दुधी खात राहिली, आणि तू? तुला काय झालं होतं?”

“आई, अगं श्रावण होता...”

“श्रावण सात महिने असतो?”

“तसं नाही, लाज वाटते गं...”

“लाज कसली त्यात?” अंजनामावशी पदर खोचून पुढे झाल्या. “आमचे हे मूळव्याध दाखवायला गेले, तेव्हा मी आत बसले होते शेजारी. धीर येतो माणसाला. तुझ्याबरोबर पण येते मी! उद्या सकाळी मोकळीच आहे.”

“मीपण येते,” सगुणावहिनी म्हणाल्या.

“चला की, सगळ्याच जाऊ,” दाराजवळून कुणीतरी म्हणालं.

शिवदासने पेढ्यांचा पुडा छातीशी धरला. त्याने दाराकडे पाहिलं, तिथे चार बायका होत्या. मोरीकडे पाहिलं, तिथे दोन. मग त्याने उत्तराकडे पाहिलं. हिरवी साडी खांद्यावर तशीच घेऊन ती उभी होती, हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. फक्त वाट पाहत होती.

“जातो,” तो म्हणाला.

“मोठ्याने बोल,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“जातो! उद्या सकाळी आठला जातो. एकटा जातो!” शिवदास म्हणाला, ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. मग आवाज खाली आणून त्याने बायकोला विचारलं, “उपाशीपोटी जायचं असतं का गं?”