बाबांची रेकॉर्ड धुतली गेली

ओडेटने बाबांची रेगे संगीताची जुनी रेकॉर्ड गरम पाण्यात साबण लावून धुतली आणि पत्र्यावर उन्हात वाळत घातली. घरात बाळ आल्यापासून ती सगळंच धुवायची. बाळाने रेकॉर्डची कडा चाटली, एवढं निमित्त पुरलं. दुपारपर्यंत किंग्स्टनच्या उन्हाने रेकॉर्डची खोलगट थाळी करून ठेवली.

आणि आज बाबांना जाऊन नववी रात्र. गेलेलं माणूस त्या रात्री शेवटचं घरी येतं, रम-मासे हुंगतं, आवडीचं गाणं ऐकतं आणि तृप्त होऊन निघतं. मग त्याची खाट जागची हलवायची, म्हणजे परत फिरलं तरी त्याला खोली ओळखू येत नाही. पण गाणंच नसेल तर माणूस निघायचा कसा?

"सुपाचं पातेलं ठेव तिच्यावर, होईल सरळ," आँटी पर्ल म्हणाली.

पातेलं चुलीवरून नुकतंच उतरलं होतं. थाळीची टोपी झाली.

"रडतेस काय, अगं! ही रेकॉर्ड गल्लीत कुणाकडे नाही?" अंकल फिट्झ म्हणाले.

खरंच होतं. पोरांचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची ती गाणी, पण पोरं प्रार्थनेआधी ती शिकायची. ओडेट बाळ काखोटीला मारून दारोदार फिरली. एका घरी पाकिटातून पाद्र्याच्या प्रवचनाची रेकॉर्ड निघाली. दुसरीकडे बाई कडाडली, "नवरा घेऊन गेला! मला ठेवली, रेकॉर्ड नेली मेल्याने!" शेवटी बार्टन न्हाव्याने आपली कोरी करकरीत काढून दिली.

दिवेलागणीला अंगण भरलं. तो संथ, पोटात घुमणारा ठेका सुरू झाला आणि इतके दिवस दगडासारखी बसलेली आई उठून उभी राहिली.

तिसऱ्या गाण्यात घात झाला. बाबांच्या रेकॉर्डला तिथे ओरखडा होता. सुई एक कडवं गिळून पुढे उडायची. बाबा रोज फाटकात स्पीकर लावत, त्यामुळे अख्खी गल्ली त्या जागी टुणकन उडी मारूनच नाचायला शिकलेली. आताही सगळ्यांनी उडी मारली. सुईने मारली नाही. अंकल फिट्झ माशांच्या परातीत पडले आणि आँटी पर्ल अंकल फिट्झवर.

"ऊठ गं बाई! एका अंगणात दोन-दोन मयतं करायचीत का?" खालून अंकल फिट्झ ओरडले.

हशा पिकला आणि विरला. ते कडवं एकटंच वाजत राहिलं. कुणालाच ते येत नव्हतं.

"आई, माझंच चुकलं," ओडेट पुटपुटली. "बाबांना कळलंच नसेल, हे आपलं घर म्हणून."

"नसेलच कळलं," आई म्हणाली आणि आत गेली.

गाणी संपल्यावर माणसं बाबांची खाट हलवायला आली, तर खाटेवर आई.

"मिस आयव्ही, ऊठ बरं. रीत आहे," एकाने आईला विनवलं.

"कसली रीत? गाणं चुकलं. तो निघालेलाच नाही अजून."

"मग उद्या नीट वाजवू की!"

"कशी वाजवाल? त्याची रेकॉर्ड तर गेली."

ओडेटने घाबरत आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी मोठा उपकार केल्यासारखी ती लेकीकडे बघत होती.

"जा, बाळाला निजव," ती भिंतीकडे सरकत म्हणाली. "आणि पंखा चालू ठेव. त्याला उकडतं."